विकिमीडिया कॉमन्स: चित्रकाराने कोणतं चित्र द्यावं, कोणतं ठेवावं

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रभांडारावर चित्र चढवायला पैसे पडत नाहीत. तिथली किंमत परवान्याच्या मजकुरात आहे: एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. चित्रकार, व्यंगचित्रकार, सुलेखनकार यांनी ही सेवा वापरावी का, हे या एका अटीवर ठरतं. आमच्या मते वापरावी, पण चित्र निवडून. निवड चढवण्याआधीच झाली पाहिजे. स्वतःचं चित्र काढून टाकायची विनंती सहज मान्य होते ती पहिल्या सात दिवसांत, आणि तीही ते चित्र कुठे वापरलं गेलेलं नसेल तरच.

सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या भांडारात आज दहा कोटींहून अधिक फायली आहेत. मराठीसह सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना चित्रं पुरवण्यासाठी ते उभं राहिलं. जाहिराती नाहीत, अल्गोरिदम नाही, आणि चढवलेली मूळ फाइल दाबून लहान केली जात नाही.

चित्रकाराच्या बाजूने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे इथे नाव टिकतं. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चित्राच्या पोटातला मेटाडेटा (कर्ता, तारीख अशी फाइलमध्ये दडलेली माहिती) निघून जातो, कोपऱ्यातली सही कुणीतरी कापतं, आणि चार गटांतून फिरेपर्यंत चित्र निनावी होतं. कॉमन्सवर प्रत्येक चित्राला स्वतःचं पान असतं: कर्ता, तारीख, स्रोत, परवाना आणि खाली फाइलमधला मेटाडेटा. वापरणाऱ्याला श्रेयाची ओळ तयार मिळते. ते चित्र कुठल्या भाषेतल्या कुठल्या लेखात लागलं आहे, ही यादीही त्याच पानावर दिसते. चित्रावर आडवा उमटवलेला वॉटरमार्क मात्र तिथे नको असतो, आणि दुसरं कुणी तो काढूनही टाकू शकतं. म्हणून आयपीटीसी मेटाडेटात (फाइलमधल्या माहितीच्या ठरलेल्या रकान्यांत) कर्त्याचं नाव आणि कॉपीराइटची सूचना भरूनच फाइल चढवावी. कुंचल्याने केलेली सही हा चित्राचाच भाग आहे, तिला कुणाची हरकत नसते.

आता परवाना. स्वतःच्या कामासाठी कॉमन्स प्रामुख्याने क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) तीन पर्याय पुढे करतं: सीसी झीरो (सगळे हक्क सोडणं), सीसी बाय ४.० (नाव देण्याची अट) आणि सीसी बाय-एसए ४.० (नाव, शिवाय बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली देण्याची अट). ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल नको’ अशी अट घालणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने इथे चालत नाहीत. बरेच चित्रकार इथेच थबकतात, आणि त्यांची भीती खरी आहे. तुमचं चित्र कुणीही टी-शर्टवर छापून विकू शकतो, तुम्हाला एक रुपयाही न देता. बाय परवान्यात त्याने तुमचं नाव द्यायचं, परवान्याचा दुवा द्यायचा आणि बदल केला असेल तर तसं सांगायचं. हे पोटाला चिमटा काढणारं वाटत असेल तर ते चित्र देऊ नये. विक्रीची चित्रं घरात ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

बहुतेक चित्रकारांना आम्ही बाय-एसए सुचवू. त्यात तुमच्या चित्रावरून बदल करून केलेलं नवं चित्र पुढे देताना त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ज्या जाहिरात संस्थेला ती अट नको असते, ती वेगळा करार करायला तुमच्याकडे येऊ शकते, कारण कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. पुस्तकात चित्र जसंच्या तसं छापलं म्हणून सगळं पुस्तक मुक्त होतं, हा मात्र गैरसमज आहे. तुम्ही गमावता ती एकच गोष्ट, पण मोठी: ‘फक्त आम्हालाच हक्क द्या’ म्हणणाऱ्या प्रकाशकाला तो हक्क तुम्ही यापुढे देऊ शकत नाही.

लहान आकाराची फाइल मुक्त ठेवायची आणि मोठी विकायची, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. ती कच्ची आहे. कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच कलाकृती ठरली, तर परवाना दोन्हींना लागू होतो. मोठी फाइल देण्याची सक्ती तुमच्यावर नाही, पण विकलेली मोठी फाइल एखाद्याच्या हाती लागली तर त्यालाही त्याच परवान्याचा आधार घेता येईल.

नाव न देता कुणी चित्र वापरलं तर त्याचा परवाना आपोआप संपतो. ४.० आवृत्तीत मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत त्याने ती सुधारली तर परवाना पुन्हा सुरू होतो. म्हणून आधी साधं पत्र पाठवावं, चित्राचा दुवा आणि हवी असलेली श्रेयओळ त्यातच द्यावी. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

मोकळीक दिली म्हणजे कमाई बुडाली असंही नाही. फ्रान्सचे डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ हे वेबकॉमिक सीसी बाय परवान्याखाली काढतात आणि वाचकांच्या वर्गणीवर काम चालवतात. ग्लेना या फ्रेंच प्रकाशनाने २०१६ मध्ये त्याचा छापील अल्बम काढला. परवान्यामुळे त्यांना पैसे देणं बंधनकारक नव्हतं, तरी ते रेव्हॉय यांच्या आश्रयदात्यांत सामील झाले. पण वर्गणी देणारा वाचक आधी जमलेला असावा लागतो. तो जमलेला नसेल तर हे उदाहरण आपल्याला लागू पडत नाही.

परवाना देण्याआधी चित्र आपलं आहे का, हे तपासावं. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ वाचलं की त्याचं गांभीर्य कळतं. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढलं, आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तोंडी बोलीवर रंगवून देणाऱ्यांनी हे कलम घरात चिकटवून ठेवावं. ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, अंकाला एकदा छापण्याची परवानगी’ एवढं एक वाक्य दोन्ही बाजूंच्या मान्यतेने ईमेलवर असलं तरी पुष्कळ. ते नसेल तर असं चित्र कॉमन्सवर नेण्याच्या भानगडीत पडू नये. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा आणि कलाकृतीची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. विज्ञान भवनातल्या अमरनाथ सेहगल यांच्या कांस्य भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमावर पाच लाख रुपयांची भरपाई दिली.

चढवण्याची रीत सोपी आहे. खातं उघडा, अपलोड विझार्ड (चित्र चढवण्याचं पायरीपायरीने चालणारं साधन) सुरू करा, काम स्वतःचं असल्याची खूण करा, परवाना निवडा, नाव-वर्णन-वर्ग भरा. वर्णन मराठीत चालतं, जोडीला इंग्रजी दिलं तर चित्र शोधात लवकर सापडतं. फाइलला ‘चित्र १’ असं नाव देऊ नका, नंतर ते स्वतःला बदलता येत नाही, विनंती करावी लागते.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली: चित्र आधी इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या साइटवर असेल, तर ‘हे दुसऱ्याचं उचललं असावं’ असा संशय स्वयंसेवक घेतात आणि फाइल हटवण्याची सूचना लावतात. चर्चा साधारण सात दिवस चालते. तिची वाट न बघता आपल्या साइटवर त्या चित्राखाली परवान्याचं नाव लिहून ठेवावं, किंवा व्हीआरटी या परवानगी तपासणाऱ्या गटाला ईमेल करावा. दुसरी अडचण मनाला लागणारी आहे. कॉमन्स हे कलादालन नाही. शैक्षणिक उपयोग दाखवता येत नसेल तर उत्तम अमूर्त चित्रही हटवलं जातं. गडाचा नकाशा, संबळाची रेखाकृती, नऊवारी नेसण्याचे टप्पे, माशांच्या जाती, लाकूडठशाची प्रक्रिया, देवनागरी अक्षरांची वळणं: ही चित्रं तिथे टिकतात आणि वापरलीही जातात.

फाइलबद्दल थोडं. फोटोशॉपची पीएसडी घेतली जात नाही. जेपीईजी, पीएनजी, टीआयएफएफ, एसव्हीजी (रेषांच्या आकृत्यांची फाइल) आणि गिंप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरची एक्ससीएफ चालते. छपाईसाठी सीएमवायके रंगपद्धतीत ठेवलेलं चित्र आधी पडद्यासाठीच्या एसआरजीबीत आणा, नाहीतर रंग भलतेच दिसतात. रंगचित्राला जेपीईजी, आकृतीला एसव्हीजी. एसव्हीजीमध्ये मराठी मजकूर असेल तर सर्व्हरवर नसलेला फाँट बदलला जातो आणि शब्द चौकटीबाहेर सरकतात. अक्षरांचे पाथ केले, म्हणजे त्यांचं रेषांच्या आकारात रूपांतर केलं, की हे टळतं, पण मग दुसऱ्या भाषेत मजकूर बदलणं अवघड होतं. सुलेखन असेल तर पाथ, नकाशा असेल तर मजकूर तसाच ठेवा.

दुसऱ्याची कला चढवणाऱ्यांसाठी कायदा जास्त कडक आहे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो भारतात चालतो. भिंतीवरच्या चित्राला ही सवलत नाही. गणेशोत्सवातली मूर्ती विसर्जित होते, म्हणजे ‘कायम’ या शब्दात ती बसत नाही, तेव्हा मूर्तिकाराची लेखी परवानगी घेणं हाच सरळ मार्ग. मोठ्या रांगोळीचंही तेच. वर्तमानपत्रातल्या फोटोवरून काढलेल्या व्यक्तिचित्रात फोटोग्राफरचा हक्क शिल्लक असतो, रेषा तुमच्या असल्या तरी.

जुन्या चित्रकारांचा हिशेब मृत्यूनंतरच्या ६० वर्षांचा, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचा. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं भारतात २००५ पासून खुली आहेत. कॉमन्सला मात्र अमेरिकेतली स्थितीही लागते, आणि तिथे १९३०नंतर छापलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षांचं गणित लागू होऊ शकतं. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. ‘दीपावली’ अंकाची त्यांची मुखपृष्ठं कितीही प्रेमाने स्कॅन केली तरी २०३२ च्या आधी ती इथे ठेवता येत नाहीत. जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या वारली चित्रांवर २०७८ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. वारली शैली सगळ्यांची आहे, पण चित्र ज्याने काढलं त्याचंच, हा फरक फोटो चढवणारे फार सहज विसरतात, आणि त्यात आदिवासी कलाकाराचं नाव सगळ्यात आधी गळतं.

राहिला प्रश्न यंत्रांचा. कॉमन्सवरची चित्रं एआय कंपन्यांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) सतत ओढत असतात. जानेवारी २०२४ पासून माध्यम फायलींसाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढल्याचं विकिमीडिया फाउंडेशननेच एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. प्रशिक्षणासाठी चित्र वापरायला त्या देशाच्या कायद्याने परवानगी लागत असेल तर परवान्याच्या अटी लागू होतात, सूट असेल तर होत नाहीत. शिकागो विद्यापीठातलं ग्लेझ हे साधन चित्रावर सूक्ष्म बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. पण रंग-रेषांचा नेमकेपणा हाच कॉमन्सवरच्या चित्राचा उपयोग असताना तिथे तशी फाइल टाकू नये. ज्या चित्राची शैली यंत्राला मिळू नये असं मनापासून वाटतं, ते चित्र कॉमन्सवर नेऊच नका.