तारखेचा रकाना नसलेला रिमोट प्रोग्राम: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आपल्या जागेवरून दूरचा संगणक चालवू देणाऱ्या रिमोट प्रोग्रामचा हा अनुभव मी पाचव्या महिन्यातच लिहायला घेतला होता. तेव्हाचा मजकूर इतका कडवट झाला होता की तो अर्धवटच ठेवून दिला. आता परवान्याच्या नूतनीकरणाची सूचना आल्यावर तो पुन्हा उघडला, तेव्हा त्यातील निम्मा भाग खोडावा लागला. उरलेल्या निम्म्यावर मी आजही ठाम आहे.

एका ग्राहकासाठी मी अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये बिले आणि मालसाठ्याचे अ‍ॅप्लिकेशन तयार केले आहे. टेबले असलेली बॅक-एंड फाइल त्यांच्या सर्व्हरवर आहे, तर फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट आणि कोड असलेली फ्रंट-एंड फाइल पाचही संगणकांवर स्वतंत्रपणे ठेवलेली आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यात काही ना काही बदल करून पाठवावा लागतो. रिमोट प्रोग्रामचा परवाना संगणकांच्या संख्येनुसार मिळतो आणि पाच संगणकांचे पैसे भरणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी केवळ सर्व्हरपुरता परवाना घेतला. नवी फ्रंट-एंड मी सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये टाकतो आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवरील शॉर्टकट एक लहानशी बॅच फाइल (ओळीने पार पाडायच्या आज्ञांची फाइल) चालवून ती आपल्या संगणकावर उतरवून घेतो, मगच अ‍ॅप्लिकेशन उघडते. ही व्यवस्था कंजूषपणातून निघाली, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही, कारण पाच संगणकांवर एकेक करून फाइल टाकण्यापेक्षा ती कितीतरी बरी ठरली.

जोडणीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ती लागते, टिकते आणि पडदा पुरेसा स्पष्ट दिसतो. सुरुवातीला विंडोजची परवानगी विचारणारी खिडकी आली की माझ्याकडचे चित्र गोठत असे आणि पलीकडे कोणीतरी 'होय' दाबेपर्यंत मला हात चोळत बसावे लागे. दोष माझाच होता: मी प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल न करता नुसताच चालवत होतो. तो सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजच्या पार्श्वभूमीत सतत चालेल असा, बसवल्यापासून ही अडचण पुन्हा आलेली नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. फाइल पाठवण्याच्या खिडकीत दोन्ही बाजूंच्या फाइलींचे नाव, आकार आणि प्रकार दिसतो, पण शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसत नाही. हा दोष क्षुल्लक वाटेल, आणि पहिले चार महिने मलाही तो क्षुल्लकच वाटत होता.

पाचव्या महिन्यात मी बिलाच्या फॉर्मवर सवलतीचा रकाना वाढवला. शुक्रवारी दुपारी ३ वाजता फाइल जतन केली आणि रात्री सर्व्हरवर पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की रकाना दोन संगणकांवर दिसतो, तीन संगणकांवर दिसत नाही. मी तीच फाइल पुन्हा पाठवली आणि नंतर आणखी एकदा पाठवली. प्रत्येक वेळी खिडकी शंभर टक्के पूर्ण झाल्याचे सांगत होती, आकारही जुळत होता, आणि तरीही ती तीन माणसे जुन्याच फॉर्मवर बिले करत होती. पाठवलेली फाइल प्रोग्राम मध्येच कुठेतरी अडवून ठेवत असावा, अशी माझी पक्की समजूत झाली. मी सेवा विभागाला एकामागून एक पत्रे लिहिली, त्यांनी प्रत्येक पत्राला उत्तर म्हणून लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदी, मागितले, आणि तीन आठवडे हा व्यवहार असाच चालला. माझ्या शेवटच्या पत्राची भाषा मला आज येथे उद्धृत करावीशी वाटत नाही.

उलगडा ग्राहकाच्या एका कर्मचाऱ्याच्या सहज बोलण्यातून झाला. ज्या दोघांना नवा फॉर्म दिसत होता, ते दोघेही त्या शुक्रवारी रजेवर होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅच फाइलमध्ये मी फाइलींची प्रत करणारी एक्सकॉपी ही आज्ञा स्लॅश डी या पर्यायासह वापरली होती. या पर्यायामुळे मूळ फाइल संगणकावर आधीच असलेल्या प्रतीपेक्षा नवी असेल तरच तिची प्रत केली जाते. अ‍ॅक्सेसची फाइल मात्र नुसती उघडून बंद केली तरी तिची बदलाची तारीख पुढे सरकू शकते. ज्या तिघांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काम केले, त्यांच्या जुन्या फाइलींवर सायंकाळची वेळ पडली होती आणि माझी नवी फाइल दुपारी ३ वाजताची होती, त्यामुळे बॅच फाइलच्या हिशेबी जुनीच फाइल नवी ठरली. आधीचे चार महिने मी रात्री उशिरा काम संपवून लगेच फाइल पाठवत असे, म्हणून ही चूक झाकून राहिली होती. रिमोट प्रोग्रामने माझ्या फाइलीची मूळ तारीख इमानेइतबारे जपली होती, आणि मी त्याच इमानदारीवर तीन आठवडे आग पाखडत होतो.

सेवा विभागाला क्षमापत्र पाठवले. आता बॅच फाइल तारखेची तुलना न करता प्रत्येक वेळी ताजी प्रत उतरवते, आणि त्यासाठी लागणारे काही सेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत. शिवाय बॅक-एंडमधील एका टेबलात आवृत्तीचा क्रमांक ठेवला आहे. फ्रंट-एंड उघडताच आपला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहते आणि जुळला नाही तर काम सुरूच होऊ देत नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

तरीही तारखेच्या रकान्याचा मुद्दा मी सोडणार नाही. सर्व्हरवर एक्सप्लोरर उघडला असता तर तारीख दिसली असती, हे मान्य आहे. पण फाइल पाठवणाऱ्याची नजर पाठवण्याच्या खिडकीवर असते. तेथे '३ वाजता' एवढे दिसले असते, तर कदाचित त्याच रात्री माझ्या मनात शंका आली असती.

एका बाबतीत हा प्रोग्राम अपेक्षेपेक्षा उपयोगी ठरला. बॅक-एंडमध्ये ग्राहकाची माहिती साठत असल्याने ती फाइल बदलून चालत नाही. टेबलात नवे फील्ड घालायचे तर ते तेथल्या तेथे घालावे लागते, आणि त्यासाठी सर्वांनी अ‍ॅप्लिकेशन बंद केलेले असावे लागते. कोणीही बसलेले नसताना सर्व्हरवर शिरता येत असल्याने हे काम मी रात्री करतो. फोल्डरमध्ये एलएसीसीडीबी विस्ताराची लॉक फाइल (अ‍ॅक्सेसची फाइल कोणी उघडली की आपोआप तयार होणारी) दिसली की कोणाचा तरी संगणक चालू राहिला आहे, असे समजावे. ती नोटपॅडमध्ये उघडली तर वेड्यावाकड्या चिन्हांच्या मधून संगणकांची नावे वाचता येतात. मात्र बाहेर पडलेल्यांची नावेही तिच्यात उरतात, त्यामुळे तेवढ्या पुराव्यावर कोणाला फोन करून झोपेतून उठवू नये. मी एकदा उठवले आहे.

नूतनीकरण केले आहे, तेही पुन्हा एकाच संगणकापुरते. नव्या आवृत्तीत चिन्हांचे रंग बदलले आहेत आणि खिडकीचे कोपरे गोल झाले आहेत. फाइल पाठवण्याच्या खिडकीत मात्र अजूनही नाव, आकार आणि प्रकार एवढेच रकाने आहेत.