लोगोवाले मडफ्लॅप: अक्षरं नंतर, आधी रबर बघा

जालना, बीडकडे अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत मिळणाऱ्या या मडफ्लॅपवर, म्हणजे चाकामागे चिखल अडवणाऱ्या पट्ट्यांवर, गाडीच्या कंपनीचा लोगो ठसठशीत असतो, पण तेवढ्यावरून माल कंपनीचा ठरत नाही. पाकिटावर पार्ट नंबर आणि एमआरपी शोधा. साच्यातच उठावाची अक्षरं असलेला फ्लॅप घ्या. चिकटवलेला लोगो मे महिन्याच्या उन्हात कडेने सुटतो, प्रेशर वॉशरने तर उडतोच. फ्लॅप दुमडून पाहा, घडीवर चीर दिसली तर नको. पुढचे बसवताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना, ते तपासा. पावसाळ्यात काळी माती आत गच्च बसते, तिच्या वजनाने प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. स्टीलचे स्क्रू आणि रुंद वायसर वापरा. पत्र्याला नवं भोक पाडलं तर गंज रोखायला प्रायमर (रंगाआधीचा लेप) हवाच. उरलेला लोगोचा स्टिकर नंबरप्लेटवर लावू नका, ते नियमात बसत नाही.