वेगळा म्युझिक प्लेअर घ्यावा का? नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक म्युझिक प्लेअर विकत घेतला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, बाजूला पाच बटणे असलेला, ज्यावरून फोन करता येत नाही आणि ज्यात इंटरनेट नाही, असा केवळ गाणी वाजवणारा तो डबा आहे. किंमत साडेआठ हजार रुपये. कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे तिच्याविषयी चार कडू गोष्टी येणार आहेत आणि त्यांतल्या बहुतेक या वर्गातल्या इतर यंत्रांनाही लागू पडतील असा माझा अंदाज आहे. मुलुंड ते सीएसएमटी असा रोजचा जाऊन-येऊन पावणेदोन तासांचा प्रवास आणि रविवारची दुपार, एवढा वापर या अनुभवामागे आहे. मी प्रामुख्याने ख्याल, म्हणजे रागदारी गायन, ऐकतो, नाट्यसंगीत थोडे, सिनेमाची गाणी त्याहून थोडी. हे आधीच सांगतो, कारण माझ्या तक्रारींचे मूळ त्यातच आहे.

फोनवर ॲप असताना हा उद्योग कशासाठी, हा प्रश्न घरी आणि कचेरीत सगळ्यांनी विचारला. डेटा वाचवणे हे कारण नव्हते. ३२० केबीपीएस या वरच्या दर्जाने तासाभराच्या गाण्याला साधारण १४४ एमबी लागतात, म्हणजे माझ्या प्रवासाचे महिन्याला सहा-सात जीबी होतात, आणि तेवढा डेटा हल्ली कोणाच्याही पॅकमध्ये बसतो. खरे कारण असे की मी निगुतीने जमवलेल्या यादीतली काही ध्वनिमुद्रणे एके दिवशी करडी पडली आणि दाबली तरी वाजेनात. ॲपवाल्यांचा हक्कधारकांशी असलेला करार संपला की असे होते, हे नंतर कळले. त्याच वेळी घरात दोनेकशे सीडी कपाटात पडून होत्या, त्यांतल्या निम्म्याअधिक काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, पण मी पैसे मोजून घेतलेली सीडी अजून वाजत होती. शिवाय बाबांच्या एकशे बारा कॅसेट होत्या.

आवाजाविषयी आधी लिहितो, कारण जाहिरात सगळी त्याचीच असते. खोक्यावर २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ हे आवाजाची बारकाई सांगणारे आकडे ठळक छापलेले होते. सीडीवरचा आवाज १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की त्याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतची कंपने पकडता येतात आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ धरली जाते. माझ्या सेहेचाळिशीच्या कानाची परीक्षा मी घरी घेऊन पाहिली, तर चौदा हजारांच्या पुढे सगळी शांतता. तेव्हा १९२ हा आकडा माझ्या उपयोगाचा नाही, आणि ज्याची गाडी घाटकोपरला उघड्या दारातून वारा आणि रुळांचा खडखडाट आत घेते, अशा कोणाच्याच उपयोगाचा नसावा. मी सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये रिप केल्या, म्हणजे संगणकात फायली करून उतरवल्या. या पद्धतीत मूळ आवाजातले काहीही गाळले जात नाही आणि फाईल मात्र जवळजवळ निम्मी होते. पण प्रामाणिकपणे सांगायचे, तर लोकलमध्ये मला फ्लॅक आणि चांगली एमपीथ्री यांतला फरक एकदाही ओळखता आलेला नाही. रात्री घरी, पंखा बंद करून, तानपुऱ्याच्या नादाची शेपटी ऐकताना तो आहे असे वाटते. बायकोने न सांगता फायली बदलून वाजवल्या तेव्हा दहापैकी सहा वेळा मी बरोबर होतो. म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरा.

मग साडेआठ हजार कशाला घातले? याचे उत्तर आवाजात नाही, कॅसेटींत आहे.

बाबा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आकाशवाणीवर शनिवारी रात्री लागणारा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी पंधरा-वीस वर्षे नेमाने टेप केला आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात राग, ताल, साथीदार आणि तारीख लिहून ठेवली. मुंबईच्या हवेने त्यांतल्या काहींवर पांढरी बुरशी धरली होती, काहींच्या आतली फेल्टची चिमुकली गादी निखळली होती आणि आमच्या जुन्या डेकचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. पट्टा लॅमिंग्टन रोडवरच मिळाला. कॅसेट संगणकात उतरवण्याला मात्र आडवाट नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, त्यामुळे रविवारी दोन हा आमचा वेग ठरला. मी त्या सीडीइतक्याच दर्जाने उतरवल्या. रेडिओवरून टेपवर आलेल्या आवाजासाठी याहून मोठी फाईल करणे म्हणजे चहाच्या कपासाठी हंडा विसळणे. आजवर एक्क्याऐंशी झाल्या आहेत. एक १२८ जीबीचे कार्ड सीडी आणि कॅसेट मिळून अजून पुरते भरलेले नाही.

येथून पुढे खरी गंमत, किंवा वैताग, सुरू झाला. हे यंत्र ज्यांनी बनवले त्यांच्या डोळ्यांसमोर चार मिनिटांचे गाणे आहे: एक गायक, एक अल्बम, एक नाव. ख्याल त्या चौकटीत बसत नाही. तसे पाहिले तर तो कुठल्याच यंत्रात धड बसलेला नाही. १९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हापासून अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबावा लागला. पुढे एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची झाली, कॅसेटची तीस किंवा पंचेचाळीस, सीडी चौऱ्याहत्तरची. आता फाईलला लांबीची अट उरलेली नाही, पण यंत्राच्या मनातून गाणे गेलेले नाही.

पहिला अनुभव असा. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, संपून जलद लयीचे द्रुत सुरू होते तिथे सीडीवर नवा ट्रॅक असतो, पण गाणे अखंड चालू असते. माझा प्लेअर तिथे अर्धा सेकंद गप्प बसायचा. तानपुरा मध्येच तुटून पुन्हा लागणे हा अनुभव, जिना उतरताना एक पायरी नसल्याचे अचानक लक्षात यावे, तसा आहे. तीन आठवड्यांनी मला सेटिंगच्या चौथ्या पानावर ही मधली शांतता घालवण्याची सोय सापडली. ही सोय कारखान्यातून बंद ठेवून का पाठवतात, हे कळायला मार्ग नाही. फ्लॅकवर ती नीट चालते. एमपीथ्रीच्या आरंभी आणि शेवटी मात्र फाईल बनतानाच थोडी रिकामी जागा भरली जाते, त्यामुळे तिथे अजूनही बारीक उचकी लागते.

दुसरा अनुभव नावांचा, आणि यावर मी नऊ महिन्यांतला सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. सीडी रिप करताना इंटरनेटवरून नावे आपोआप येतात आणि ती ज्याने भरली त्याच्या भक्तिभावानुसार भरलेली असतात. कोणी ‘पं.’ लिहितो, कोणी ‘पंडित’, कोणी नुसतेच नाव. परिणामी भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व आणि जितेंद्र अभिषेकी हे सगळे ‘प’ या एकाच अक्षराखाली दाटीवाटीने उभे होते, किशोरी आमोणकर काही ठिकाणी ‘क’मध्ये तर काही ठिकाणी ‘गानसरस्वती’ म्हणून ‘ग’मध्ये होत्या आणि अमीर खाँसाहेब ‘उ’मध्ये एकटेच बसले होते. मी आदर बाजूला ठेवून सगळ्या उपाध्या काढून टाकल्या. बाबांना ते आवडले नाही. ‘अरे, नुसतं मल्लिकार्जुन काय? तुझ्या वर्गात होते का ते?’ असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘बाबा, तुम्हाला ते सापडायला हवेत ना?’ त्यावर ते काही बोलले नाहीत, पण कॅसेटच्या कागदावर त्यांनी ‘पं.’ कुठेही गाळलेले नाही, हे मी पाहून ठेवले आहे.

रागाच्या नावासाठी रकानाच नाही. मी गीतप्रकाराच्या रकान्यात राग लिहितो आणि संगीतकाराच्या रकान्यात तबलजी. हे चूक आहे हे मला माहीत आहे, पण त्यामुळे सकाळी जाताना तोडी किंवा भैरव आणि संध्याकाळी परतताना मारवा, पूरिया किंवा यमन एका बटणावर काढता येतो. फोनवरच्या ॲपने मला एकदा सकाळी सव्वाआठला रात्रीचा राग दरबारी वाजवून दाखवला होता.

यापुढची तक्रार गंभीर आहे. यंत्राला देवनागरी वाचता येते, असे खोक्यावर म्हटले आहे. अक्षरे दिसतात हे खरे. पण ऱ्हस्व इकार हा संगणकात अक्षरानंतर साठवलेला असतो आणि पडद्यावर दाखवताना तो अक्षराच्या आधी आणावा लागतो, एवढे या यंत्राला कोणी शिकवलेले नाही. जोडाक्षरांचीही तीच गत. मल्लिकार्जुन हे नाव पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांच्या रांगेसारखे दिसते आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी लोंबकळते. मी कंपनीला छायाचित्रांसह पत्र लिहिले, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती करू असे उत्तर आले, त्यानंतर दोन अपडेट आले आणि वेलांटी अजून तिथेच आहे. शेवटी हार मानून मी सगळी नावे रोमन लिपीत केली. मराठी माणसाने मराठीतले गाणे शोधण्यासाठी रोमन टंकावे, ही गोष्ट मला या यंत्रातल्या कोणत्याही दोषापेक्षा अधिक खुपते. विकत घेण्यापूर्वी दुकानातच ‘निर्गुण’ किंवा ‘विलंबित’ असा एखादा शब्द पडद्यावर दिसतो कसा, ते पाहून घ्यावे.

प्रवासातल्या गोष्टी थोडक्यात. बिनतारी इअरफोन मी पहिल्या महिन्यात वापरले, कुर्ल्याला चढणाऱ्या गर्दीत एक कानातून निसटून फलाट आणि गाडीच्या फटीत गेला आणि तो विषय संपला. वायरचा इअरफोन शर्टाच्या आतून घेतला की बॅगांच्या पट्ट्यांत अडकत नाही. कान घट्ट बंद करणारी रबरी टोपणे घ्यावीत, म्हणजे बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास सुरक्षित मानते आणि दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते. माझा तर आठवड्याचा प्रवासच त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. फलाटावर उतरताना मात्र दोन्ही कान मोकळे करतो. टोपणे घट्ट असतील तर मागून आलेल्या गाडीचा भोंगाही ऐकू येत नाही.

बॅटरी वीस तासांची सांगितली होती, सुरुवातीला पंधरा मिळाली, आता बारा-तेरा. तक्रार नाही. चार्जिंगसाठी संगणकाला जोडले की यंत्र सगळे कार्ड नव्याने वाचत बसते आणि कालचा ख्याल कुठे थांबला होता ते विसरते, ही तक्रार आहे. भिंतीतल्या साध्या चार्जरला लावले तर आठवण शाबूत राहते. जूनच्या शेवटी पावसात डाव्या कानात खरखर सुरू झाली, इअरफोनच्या खाचेत ओल धरली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून ती गेली. तेव्हापासून प्लेअर औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत असतो.

एक गोष्ट यंत्राशी थेट संबंधित नाही, तरी लिहितो. माझ्या सकाळच्या गाडीला एक भजनी मंडळ असते. पूर्वी फोनवर ऐकताना त्यांच्या टाळांचा त्रास होई आणि मी आवाज वाढवीत असे. आता बटण दाबून ख्याल थांबवतो आणि भांडुपपासून दादरपर्यंत त्यांचेच ऐकतो. फोनवरही थांबवता येत होते, हे खरे. पण तेव्हा थांबवले की बोट आपसूक दुसऱ्या कुठल्यातरी ॲपवर जायचे.

घ्यावा का, याचे माझे उत्तर असे. ज्याच्याकडे स्वतःच्या सीडी, कॅसेट किंवा फायली आहेत आणि रविवार त्यांना देण्याची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावा, मात्र बटणांचा घ्यावा. बाबांच्या कोरड्या बोटांना टच स्क्रीन दाद देत नाही. बटण मात्र ते न पाहता दाबतात. ज्याला नवी गाणी शोधायची आवड आहे, त्याच्यासाठी या यंत्रात काहीही नाही. ते काही सुचवत नाही. आवाज सुधारेल या आशेने घेणार असाल, तर आधी तेच पैसे चांगल्या इअरफोनला घाला.

गेल्या रविवारी बाबा पहिल्यांदा हा प्लेअर सलग ऐकत बसले. कॅसेटची पहिली बाजू जिथे संपते तिथे तान अर्ध्यात तुटते आणि दुसऱ्या बाजूवर ती थोडी पुढून सुरू होते. मी दोन्ही बाजू एका फाईलमध्ये जोडल्या आहेत. ती जागा आली तशी त्यांनी डोळे न उघडता हात पुढे केला, कॅसेट उलटायला, आणि तेवढ्यात पुढची तान आली. मग त्यांनी डोळे उघडून विचारले, ‘मधली खटक कुठं गेली?’ मी ती आवाज साफ करताना काढून टाकली होती. राहिलेल्या एकतीस कॅसेटींत ती राहू द्यावी, असे त्यांचे म्हणणे पडले.