शेडिंगसाठी ३.५ की ४? सोल नोव्हा अनलिमिटेड वापरून झालेलं मत

कोल्हापुरात टॅटूचा धंदा करायचा तर ब्लॅक अँड ग्रे, म्हणजे फक्त काळ्या शाईच्या छटांचं काम, टाळून चालत नाही. महाराजांचं पोर्ट्रेट, महादेव, गेलेल्या वडिलांचा फोटो, हेच जास्त. त्यामुळे नवं मशीन हातात आलं की मी आधी गालावरची सावली किती मऊ उतरते ते बघते. लाइन कशी मारतं ते नंतर.

सध्या माझ्याकडे चेयेन कंपनीचं सोल नोव्हा अनलिमिटेड हे वायरलेस टॅटू मशीन आहे, ३.५ मिमी स्ट्रोकचं. हेच मशीन ४ मिमीमध्येही मिळतं आणि विकणारा हमखास तेच पुढे करतो. "मॅडम, त्याला पॉवर जास्त." असेल. पण शेडिंगला पॉवर घेऊन करायचंय काय? स्ट्रोक म्हणजे सुई एका फेरीत किती सरकते ते. तो ४ किंवा त्याच्या वर गेला की सुई जोरात बसते. एका झटक्यात लाइन ओढायला, काळा ठासून भरायला झकास. ग्रे मात्र थरावर थर देत चढवायचा असतो. एकाच जागेवरून मॅग, म्हणजे अनेक सुयांचा रुंद जुडगा, तीन-चारदा फिरते, आणि दरवेळी सुई आपटत राहिली तर दुसऱ्या थरालाच कातडी लाल होऊन सुजते. पुढचा थर मग बसतच नाही. अगदी छोट्या, २.५ च्या स्ट्रोकवरही काम करून बघितलंय. हात मऊ लागतो, पण मोठी मॅग लावली की मशीनचा दम संपतो. ३.५ वर माझं भागतं.

मला यात सगळ्यात आवडलं ते रिस्पॉन्सिव्ह मोड. स्टेडी मोडमध्ये मशीन ठरलेला वेग सोडत नाही. रिस्पॉन्सिव्हमध्ये कातडीचा विरोध लागला की सुई थोडी नमतं घेते. महाराजांच्या कल्ल्यापाशी हा फरक दिसतो. दाढीचा काळा तिथून सुरू होतो आणि बोटभर अंतरात गालाच्या उजेडात विरून जायला हवा. १३ सुयांची कर्व्ह्ड (गोलसर टोकाची) मॅग घ्यायची, दाढीत टेकवायची आणि गालाकडे नेता नेता झोका देत उचलायची. उचलताना सुई नमली तर कडा दिसत नाही. नमली नाही तर शेवटच्या टोकाला ठिपक्यांची रांग उमटते आणि दाढी चिकटवल्यासारखी दिसते. जिरेटोपाचा काळा भरायची वेळ आली की मी परत स्टेडीवर येते.

दुसरी गोष्ट, वेग हर्ट्झमध्ये दिसतो, २५ ते १५०. व्होल्टचा आकडा एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येत नाही. एकाचे ७ व्होल्ट म्हणजे दुसऱ्याचे ७ नव्हेत. हर्ट्झचं तसं नाही, ८० म्हणजे सेकंदाला ८० टोचे. पेपर शेडिंगला, म्हणजे मिरपूड भुरभुरल्यासारख्या ठिपक्यांच्या सावलीला, मी ७०-७५ वर ठेवते आणि हात भरभर चालवते, म्हणजे ठिपके सुटे पडतात. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. सावळ्या कातडीत शाई रंगद्रव्याच्या खाली बसते, त्यामुळे अगदी फिकट ग्रे वॉश (पातळ केलेली काळी शाई) बरा झाल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पाच छटांच्या कपांचा थाट गोऱ्या कातडीवर ठीक. मी दोनच वॉश ठेवते. बाकीचा उजेड मोकळ्या कातडीवर आणि शुद्ध काळ्याच्या सुट्या ठिपक्यांवर सोडते. त्यासाठी कमी वेगातही मशीन अडखळता कामा नये. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या बदलायच्या टोकात, शाई मागे येऊ नये म्हणून पडदा असतो. स्वस्तातल्या पेनसारख्या मशीनची मोटर कमी वेगावर तो पडदा ढकलतानाच धापा टाकते. या मशीनला तो त्रास जाणवत नाही.

किमतीचं मात्र बोलायलाच नको. एवढ्यात चांगली सेकंडहँड दुचाकी येते. वायरलेस असल्यामुळे बॅटरीचं वजन मागे येतं, आणि ज्यांना पेन अगदी टोकाशी धरायची सवय आहे त्यांचं मनगट पहिले काही दिवस कुरकुरेल. मी धरते तिथे तोल बरोबर बसतो. वायर हातावर लोळत नाही हे सुख मोठं आहे.

"खरा आर्टिस्ट कॉइलवरच शेड करतो" म्हणणारे काका अजून भेटतात. कॉइल म्हणजे मोटरऐवजी विद्युतचुंबकावर चालणारं जुन्या धाटणीचं मशीन. दहा वेढ्यांच्या जुन्या शेडर कॉइलबद्दल मला आदर आहे, त्याचा आवाजही आवडतो. पण ब्लॅक अँड ग्रेची ही शैली वाढली ती अमेरिकेतल्या तुरुंगांत, चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) पोरांच्या हातून. कॅसेट प्लेयरची मोटर आणि गिटारची तार जोडून केलेली ती जुगाडू यंत्रं. १९७५ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसला चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी गुड टाइम चार्लीज टॅटूलँड उघडलं आणि एका सुईचं ते बारीक काम दुकानात आलं. म्हणजे मूळ यंत्र मोटरवर फिरणारंच होतं, काका.

सुरुवात करणाऱ्यांना मी हे मशीन घ्या म्हणणार नाही. ३.५ मिमीचं कुठलंही भरवशाचं मधल्या किमतीचं रोटरी (मोटरवर चालणारं मशीन) घ्या आणि वाचलेले पैसे कार्ट्रिजवर घाला. डब्यावर १० असेल तर सुई ०.३० मिमीची, १२ असेल तर ०.३५ ची. चेहऱ्याला १०, पाठीवरच्या ढगांना १२. आणि मशीन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालायचं नसतं. प्रत्येक क्लायंटला मशीनवर नवं प्लास्टिकचं स्लीव्ह, नवा रॅप.