एजंट आमचा, दलाली दोन्हीकडची

घर घेताना ज्याला आम्ही ‘आमचा एजंट’ म्हणत होतो, त्याने विक्रेत्यांकडूनही तेवढीच दलाली घेतली होती. आम्हाला हे कळलं ताबा मिळाल्यानंतर, आणि तेही विक्रेत्यांच्याच तोंडून. दोन्हीकडून दलाली घेणं काही जगावेगळं नाही, कित्येक ठिकाणी तशी उघड पद्धतच असते. आमची तक्रार त्या पैशांबद्दल नाही. ते लपवून त्याने जे केलं, त्याबद्दल आहे.

पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं होतं, “मी तुमच्या बाजूने. फी एक टक्का, बाकी काही नाही.” माणूस गोडबोल्या, पहिल्या रिंगला फोन उचलणारा. दाखवलेली घरंही बरी होती. आमच्या मनातला आकडा त्याने लवकरच काढून घेतला. कर्ज किती मिळतंय, हातात किती आहेत, अगदीच आवडलं तर कुठवर ताणाल? भाव पाडून घ्यायचा तर मला हे ठाऊक हवं, असं त्याचं म्हणणं. ऐकणाऱ्याला पटेल असंच.

पसंत पडलेल्या घराचा भाव मग बरोबर त्याच आकड्यावर येऊन थांबला, रुपयाभरही अलीकडे नाही. मालक ऐकतच नाहीत, उद्या दुसरी पार्टी इसार द्यायला येतेय, हे त्याचं पालुपद. मालकांशी थेट बोलू म्हटलं तर “त्यांना आवडत नाही, मीच बघतो.” पुढे वीजबिलावरचं नाव बदलताना मालकांशी निवांत बोलणं झालं आणि सगळं बाहेर आलं. ते भाव उतरवायला तयार होते. एजंटानेच त्यांना कळवलं होतं, की पार्टी एवढ्यापर्यंत नक्की येते, तुम्ही खाली येऊ नका. दुसरी पार्टी कोणी नव्हतीच. आणि आम्हाला त्यांच्याशी बोलणं आवडत नाही, असं त्यांनाही सांगून झालं होतं!

यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. घराची किंमत 100 धरा. एक टक्क्याच्या एजंटाला आमच्याकडून 1 मिळतो. आमच्यासाठी भांडून त्याने ती 95वर आणली, तर आमचे 5 वाचतात आणि त्याला 0.95 मिळतात. तेवढ्या 0.05साठी त्याने आमचा आकडा फोडला असेल असं मला वाटत नाही. पण घासाघीस लांबली की सौदा फिसकटू शकतो, आणि फिसकटला तर त्याचे दोन्हीकडचे मिळून 2 बुडतात. त्याला सौदा उरकायचा होता, कितीला हे त्याच्या दृष्टीने दुय्यम. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतल्या जवळपास 1,00,000 घरविक्रींच्या नोंदी तपासून 2008मध्ये दाखवलं होतं, की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि सुमारे 3.7 टक्के जास्त भाव मिळवतात. तो अभ्यास विक्रीचा आणि आम्ही खरेदीदार, पण घाई कोणाच्या जिवावर होते, ते त्यातून दिसतं.

आता बिलाविषयी. इसार दिल्याबरोबर ते हातात पडलं. टक्का एकच होता, पण नुसत्या घराच्या किमतीवर नव्हता. किंमत, फर्निचरचे वेगळे ठरलेले पैसे आणि नोंदणीचा सरकारी खर्च, या सगळ्याच्या बेरजेवर होता. त्यावर कर निराळा. शिवाय ‘फाइल चार्जेस’ नावाची एक ओळ, जिचा अर्थ त्यालाही धड सांगता आला नाही. आणि पैसे सगळेच्या सगळे, तेही त्याच दिवशी हवेत. खरेदीखत व्हायला अजून अवकाश होता, पण “सौदा जुळवणं माझं काम, ते झालं” हे उत्तर. पैसे घेऊन मोकळा झाला, आणि मालकांच्या जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला अडकला तेव्हा पहिल्या रिंगला फोन उचलणारा हा गृहस्थ दिवसदिवस फोन उचलेना. म्हणून टक्का विचारून भागत नाही. तो कशावर, कर धरून की सोडून, आणि इसाराला किती, खरेदीखताला किती, हे विचारायला हवं. सौदा मोडला तर फीचं काय, हेही.

कर्जासाठी त्याने एका ठरावीक कंपनीचा लकडा लावला होता. ग्राहक आणून दिला की एजंटाला मोबदला मिळतो, हे तिथलाच एक कर्मचारी बोलून गेला. आम्ही कर्ज दुसरीकडून घेतलं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत 23 डिसेंबर 2020पासून फ्लॅट किंवा एका कुटुंबाचं घर घेणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या व्यवहारात एजंट दोघांचं काम करत असेल, तर दोघांकडून सारखीच फी घ्यावी लागते आणि करार लेखी लागतो. अमेरिकेत एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेवरच्या खटल्यातील तडजोडीनंतर 17 ऑगस्ट 2024पासून खरेदीदाराला घर दाखवायच्या आधीच फीच्या आकड्यासह लेखी करार करावा लागतो. भारतात 2016च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी सक्तीची केली, पण दलालीचा दर तो कायदा ठरवत नाही. म्हणजे तिथे तुमचा कागद हाच तुमचा आधार.

आम्ही पैसे परत मागितले. ‘फाइल चार्जेस’ त्याने मुकाट्याने परत केले. बाकीच्या पैशांवर म्हणाला, “दोन्हीकडून सगळेच घेतात, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” आमचा आकडा फोडल्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. तक्रार करायची तर पुरावा हवा. मालकांनी त्याला रोख पैसे दिलेले, पावती नाही, आणि हे लिहून द्यायला ते तयार नाहीत. त्यांनाही या भानगडीत पडायचं नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

सध्या माझी मावसबहीण घर शोधते आहे. तिच्यासाठी आम्ही एक साधा कागद केला: फी किती, कशावर, कोणत्या टप्प्याला, या व्यवहारात विक्रेता, बिल्डर किंवा कर्ज देणारी संस्था यांच्याकडून एजंटाला काही मिळणार असेल तर ते आधी लेखी कळवायचं, आणि तिच्या बजेटचा आकडा समोरच्याला सांगायचा नाही, सांगितल्याचं उघड झालं तर फी नाही. दोन एजंटांनी कागद पाहिला आणि पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्याने वाचून स्वतःची एक अट घातली, की त्याने दाखवलेलं घर तिने त्याला वगळून परस्पर मालकाकडून घेतलं, तरी फी द्यावी लागेल. अट रास्त होती. तिने त्याला सहा महिन्यांची मुदत घालून घेतली आणि दोघांनी सह्या केल्या.