आठ महिने 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग' ऐकल्यावर

आधीच सांगून टाकतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश गायक-गिटारवादकाचा हा अल्बम वीस मिनिटांत बंद केला होता. पहिलं गाणं 'ल्युमिनॉल' सुरू झालं, निक बेग्जचा तो खरखरीत बेस गिटार अंगावर आला आणि तोंडातून निघालंच की अरे हा तर सरळ सरळ येस बँड आहे, त्यांच्या बेसवाल्या क्रिस स्क्वायरला आत बसवलाय की काय. मग बासरी आली, म्हटलं घ्या, जेथ्रो टल. मग मेलोट्रॉन घुसला, टेपवरचे सूर वाजवणारा तो जुना कीबोर्ड, म्हणजे किंग क्रिम्सनपण झालं, सगळे सत्तरच्या दशकातले बँड. मी मामाच्या कॅसेटींवर वाढलेला माणूस, बॉलपेननी नावं लिहिलेल्या, त्यामुळे मला वाटलं ओरिजिनल घरात असताना ही झेरॉक्स कशाला ऐकायची.

अल्बम 2013 चा आहे, मी फारच उशिरा पोचलो. त्याहून वाईट म्हणजे हाच विल्सन 2016 ला आपल्या पुण्यात एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला आणि मी 'कोण तो' म्हणून घरी बसलो होतो. असो.

मत बदललं ते हळूहळू. एक म्हणजे कळलं की हा बाहेरून येऊन नक्कल करणारा गडी नाही, किंग क्रिम्सन, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमांच्या मूळ टेपा उघडून रीमिक्स करण्याचं काम हाच करत होता. म्हणजे वाड्याची डागडुजी करता करता गवंड्याला चुन्याचं प्रमाण हाताला कळावं तसं. वर इंजिनियर म्हणून अॅलन पार्सन्स, ज्यानी पिंक फ्लॉइडचा 1973 चा 'डार्क साइड' रेकॉर्ड केला तोच. आणि सगळा बँड लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत एकत्र बसून वाजवलाय, हे ऐकताना कळतं, मार्को मिनेमन ड्रमवर जरा पुढे सरकला की बाकीचे त्याच्या मागे धावतात, ते वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडलेलं नाही वाटत.

आता वापराबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. हा अल्बम बसमध्ये ऐकू नका. मी तीन महिने हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये ऐकत होतो आणि तीन महिने मला वाटत होतं की 'द वॉचमेकर'ची पहिली काही मिनिटं नुसतीच रिकामी आहेत. आवाज चेपून सपाट केलेला नाहीये, हळू म्हणजे खरंच हळू, त्यामुळे वाकडच्या ट्रॅफिकमध्ये ती गिटार हॉर्नखाली गाडली जाते, म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि पुढे सगळे एकदम तुटून पडले की कानाचे पडदे हातात. शेवटी सीडी मागवली (विकणाऱ्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवली, डबी फुटून आली, तो वेगळा विषय) आणि रात्री जेवणं झाल्यावर दिवे घालवून ऐकली. तेव्हा कुठे कळलं की या भुताच्या गोष्टी आहेत, सहाच्या सहा गाणी. मेल्यावरही रस्त्यावर गिटार वाजवत बसलेला माणूस, गाडीत शेजारी बसलेली बायको नाहीशी झाल्यावर एकटा उरलेला नवरा, बायकोला मारून जमिनीखाली पुरणारा घड्याळजी. मग तो मेलोट्रॉन जुनाट का वाटतो ते पटतं, भुताच्या गोष्टीत वस्तू जुनीच हवी ना. तोही साधासुधा नाही, किंग क्रिम्सनचाच जुना मेलोट्रॉन वापरलाय म्हणे.

'ड्राइव्ह होम'च्या शेवटी गिटारवादक गथ्री गोवनचा सोलो आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. तो वाजत असताना एकदा हातातला चहा गार झाला आणि वर साय धरली, एवढंच.

तक्रारी आहेतच. 'द होली ड्रिंकर' दहा मिनिटांचं आहे आणि मला आजही सहाव्या मिनिटाला घड्याळ बघावंसं वाटतं, सगळे उस्ताद एकाच वेळी बोलतायत असं होतं. विल्सनचा आवाज बारीक आहे, एवढ्या दणक्याच्या बँडपुढे कधी कधी पाहुण्यासारखा उभा राहतो. आणि 'ल्युमिनॉल' मला अजूनही येसच वाटतं, फक्त आता त्याचा राग येत नाही.

पण शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं. एक म्हातारा, मरणाची वाट बघत बसलेला, लहानपणी गेलेली बहीण आठवतोय आणि दारात येणारा डोमकावळा म्हणजे तीच असं त्याला वाटायला लागतं. माझ्यासाठी गा, एवढंच मागतो तो. पियानो, आणि मग खालून चढत येणाऱ्या स्ट्रिंग्ज. तिकडच्या लोकांना ही कल्पना भन्नाट वाटत असेल, मला मात्र ओंकारेश्वराचा घाट दिसला. मोठ्या मावशीचं दहावं, ऊन चढलेलं, भाताचे पिंड ठेवलेले, कावळे समोर पिंपळावर ढीगभर आणि एकही खाली येईना. गुरुजी घड्याळ बघतायत. तेव्हा आई पुढे झाली, पदर खोचला आणि म्हणाली, तायडे, धाकट्याचं लग्न मी लावीन, तू जा आता. मग आला एक.

मागच्या महिन्यात हे गाणं हॉलमध्ये लावलं होतं, आई मेथी निवडत बसलेली. हा एवढा का रडतोय म्हणाली. मी गोष्ट सांगितली. मग शेवटी गातो का कावळा? म्हटलं नाही गं, नावातच आहे, नाहीच म्हणतो गायला.

आई काड्या बाजूला करत म्हणाली, त्याला आधी काहीतरी कबूल करायला हवं होतं.