हवेचा कूलर, एआयओ की कस्टम लूप? आधी साफसफाईचा हिशोब करा

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पीसीचा सीपीयू ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा ठोकळा, उघडला. वरचं झाकण निघालं आणि तांब्याच्या तळाला ज्या बारीक खाचा असतात, त्यांत मेणासारखा पांढुरका थर बसलेला दिसला. या खाचा इतक्या अरुंद असतात की नखाचं टोकही आत शिरत नाही, आणि लूपमधलं, म्हणजे ब्लॉक, नळ्या आणि रेडिएटर यांतून फिरत राहणारं, सगळं पाणी त्यांतूनच जायचं असतं. रेंडर (थ्रीडी दृश्याचं अंतिम चित्र तयार करण्याचं जड काम) लावल्यावर एरवी ६८ अंशांच्या आसपास राहणारा प्रोसेसर गेले दोन महिने ७९ वर का जात होता, ते तिथे कळलं. ब्लॉक, नळ्या, रेडिएटर सगळं धुऊन, पुन्हा भरून, गळती तपासून पीसी टेबलावर परत यायला दीड दिवस लागला.

त्याच आठवड्यात नागपूरहून आतेभावाचा फोन आला. तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर ॲनिमेशनची कामं करतो आणि नवा पीसी जुळवतोय. "दादा, वॉटर कूलिंग घेऊ का? इथली धूळ तुला माहितीच आहे, आणि मे महिना तर विचारूच नको." त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. पर्याय तीन: पात्या आणि पंख्याचा हवेचा कूलर, कारखान्यातूनच पाणी भरून सीलबंद येणारा एआयओ (ऑल-इन-वन), आणि सुटे भाग आणून स्वतः जुळवायचा पाण्याचा कस्टम लूप. कूलर निवडताना आपण सगळे तापमानाचे आलेख बघतो. तीन वर्षांनी तो कूलर कोण, कशाने आणि किती वेळात साफ करणार, हे मात्र घेताना कुणी विचारत नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या 'परम ब्रह्म' महासंगणकातही उष्णता पाण्यानेच काढतात, पण तिथे देखभालीला माणसं असतात. घरी ते काम आपल्यालाच करायचं असतं.

आधी दोन गैरसमज बाजूला ठेवू. पाण्याने थंड केलं म्हणून धुळीतून सुटका होत नाही. पाणी उष्णता फक्त प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. पुढे ती खोलीत सोडायला पातळ पत्र्याच्या पात्या आणि पंखेच लागतात. रेडिएटरच्या पात्या हवेच्या कूलरपेक्षा बहुतेक वेळा जास्त दाट असतात, त्यामुळे धूळ तिथे लवकर अडकते. दुसरी भीती कोकणातले आणि मुंबईचे मित्र हमखास विचारतात: पावसाळ्यात आत दव धरेल का? नाही धरणार. साध्या लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, मग त्यावर बाष्प जमायचा प्रश्नच येत नाही. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते, ती गोष्ट वेगळी, आणि ती तिन्ही प्रकारांना लागू आहे.

हवेचा कूलर

याबद्दल थोडक्यात. याच्या हीटपाइपच्या, म्हणजे उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या, आतही थोडासा द्रव असतो, पण तो कारखान्यातच हवा काढून कायमचा बंद केलेला असतो. पंप नाही, नळी नाही, आत साफ करण्यासारखं काही नाही. तीन महिन्यांतून एकदा कॅबिनेटची जाळी धुऊन सावलीत वाळवायची, पंखा काढायचा, पात्यांमधून ब्लोअर मारायचा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंगवर ताण येतो. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलायची. पंखा गेला तर काही शे रुपयांत त्याच मापाचा कुठलाही पंखा बसतो. नॉक्टुआसारखी कंपनी तर जुन्या कूलरला नव्या सॉकेटचं (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं) माउंटिंग किटही देते, म्हणजे मदरबोर्ड बदलला तरी कूलर तोच चालतो.

अडचणी दोन. खूप वीज खाणारे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालवले तर टॉवरसारखा मोठा हवेचा कूलरही आवाज करायला लागतो. आणि वजन: नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर जातो. बदलीची नोकरी असेल तर पीसी टेम्पोत चढवण्याआधी असा टॉवर काढून ठेवा.

एआयओ: बाहेरून तुमचा, आतून कंपनीचा

एआयओ म्हणजे पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्या एकत्र, आत द्रव भरून सीलबंद. घेणाऱ्याला वाटतं की यात देखभालच नाही. बाहेरची साफसफाई तर हवेच्या कूलरपेक्षा थोडी जास्तच आहे, कारण पंखा आणि रेडिएटर यांच्या फटीत धुळीची अक्षरशः गोधडी तयार होते. बाहेरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. पंख्याचे चार स्क्रू काढल्याशिवाय ती दिसत नाही. स्क्रू परत लावताना तेच मूळचे लावा. दोन-तीन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू घातला तर तो थेट रेडिएटरच्या पाणी वाहणाऱ्या पट्टीत घुसतो, आणि मग एआयओ फेकण्याशिवाय काही उरत नाही.

आतली गोष्ट वेगळी. रबरी नळीच्या भिंतीतून पाण्याचे रेणू हळूहळू बाहेर जात राहतात. गळती कुठेच नसते, तरी चार-पाच वर्षांत आतलं पाणी कमी होतं आणि त्या जागी हवा येते. ती हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा वर हवा. उलटं बसवलं तर हवा पंपात अडकते, खळखळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो. शिवाय बऱ्याच एआयओंमध्ये ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. द्रवातली गंजरोधक रसायनं ते थोपवून धरतात, पण ती रसायनंही कधीतरी संपतात. मग गाळ सुटतो आणि ब्लॉकच्या खाचांत अडकतो.

हे साफ करता येतं का? बहुतेक मॉडेलमध्ये नाही. उघडलं की वॉरंटी गेली. म्हणून एआयओ घेताना मी आता दोनच गोष्टी आधी बघतो. पहिली, वॉरंटी किती वर्षांची: आर्क्टिक आणि एनझेडएक्सटी क्रॅकेन यांना सहा वर्षं मिळतात. दुसरी, भरायचं तोंड आहे का. बी क्वाएटच्या प्युअर लूपला असं तोंड आहे आणि सोबत द्रवाची बाटलीही येते. अल्फाकूलचा आइसबेअर तर तांब्याच्या रेडिएटरचा आहे आणि त्याच्या फिटिंग (नळी जोडायचे सांधे) कस्टम लूपसारख्याच उघडतात. कंपनी कशी वागते हेही बघावं. आर्क्टिकने २०२२ मध्ये लिक्विड फ्रीझर २ मालिकेच्या सुरुवातीच्या उत्पादनातलं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) सदोष असल्याचं स्वतः जाहीर केलं आणि ते घरी बदलण्याचं किट ग्राहकांना फुकट दिलं. चूक अशी कबूल करणाऱ्या कंपनीवर माझा विश्वास वाढतो.

कस्टम लूप: सगळंच तुमचं

मी स्वतः सहा वर्षं लूप वापरतोय आणि मला तो मनापासून आवडतो. रात्री रेंडर चालू असताना खोलीत फक्त छतावरच्या पंख्याचा आवाज असतो. पण आतलं पाणी काय आहे यावर तुमचे पुढचे सगळे रविवार ठरतात.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंजरोधक व शेवाळनाशक द्रव. आपल्याकडे 'बॅटरीचं पाणी' म्हणून जे मिळतं त्याचा दर्जा दुकानागणिक बदलतो. आरओमुळे टीडीएस मीटर आता घरोघरी असतो. तो बुडवून बघा. आकडा शून्य ते दोनच्या आसपास असेल तरच ते पाणी आत घाला. घरच्या आरओचं पाणी चालणार नाही. ते पिण्यासाठी असतं, चवीपुरते क्षार त्यात मुद्दाम ठेवलेले असतात, आणि तेच पुढे ब्लॉकमध्ये साचतात. गाडीचं कूलंट ओतायचा सल्लाही कुणी देतं. बहुतेक गाड्यांच्या कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं, ते विषारी आणि चवीला गोड. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

दुसरा पर्याय तयार मिळणारं पारदर्शक कूलंट. महाग आहे, पण वर्षाने बदललं की काम भागतं, आणि बिघाड झाला तर पाणी गढूळ होऊन तुम्हाला आधीच इशारा देतं. मी हेच वापरतो. तिसरं म्हणजे दुधासारखी दिसणारी अपारदर्शक रंगीत कूलंटं. फोटोत ती फार देखणी दिसतात. तो रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण. पीसी आठवडाभर बंद राहिला किंवा द्रव जुना झाला की ते तळाशी बसतात, आणि सगळ्यात आधी बसतात त्या ब्लॉकच्या खाचांत. रोज कामाला लागणाऱ्या पीसीत ती घालू नका, असंच मी सांगेन.

मग माझं कूलंट पारदर्शक असूनही तो पांढुरका थर कुठून आला? नळ्यांमधून. पारदर्शक पीव्हीसी नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. गरम पाण्याने तो हळूहळू सुटतो, नळी धुरकट होते आणि सुटलेला चिकट पदार्थ खाचांत जमतो. काळ्या ईपीडीएम रबरी नळीला हा त्रास नाही. शिवाय उजेड आत जात नाही, त्यामुळे शेवाळही धरत नाही. या दिवाळीत मी सगळ्या नळ्या काळ्या करून टाकल्या. कडक नळ्यांचा लूप दिसायला सुरेख असतो, पण साफसफाईला प्रत्येक नळी काढावी लागते आणि प्रत्येक टोकाची ओ-रिंग तपासावी लागते. त्यात पीईटीजीच्या नळ्या साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतात. नागपुरात मे महिन्यात एसीशिवाय खोली चाळिसावर गेली आणि लूपमधलं पाणी त्याच्या दहा-पंधरा अंश वर गेलं, तर किती अंतर उरलं ते बघा. विदर्भ-मराठवाड्यात कडक नळीच हवी असेल तर ॲक्रिलिकची घ्या, ती जास्त उष्णता सोसते.

आता प्रत्यक्ष धुणं. पाणी काढल्यावर ब्लॉक उघडायचा, आणि प्रत्येक थराचा फोटो काढत जायचं, कारण आतली पातळ जेट-पट्टी उलटी बसली तर सगळी मेहनत वाया. खाचा साफ करायला लहान मुलांचा मऊ टूथब्रश आणि कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. ब्रश खाचांच्या दिशेनेच चालवायचा, आडवा नाही. तांबं काळवंडलेलं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. पावडर अजिबात नको: तिचे कण खाचांत अडकतात आणि निकेलचा मुलामा असेल तर तो खरवडला जातो. उघडं तांबं असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस दोन-चार मिनिटं चालतो, मग भरपूर डिस्टिल्ड वॉटर. खरं तर काळपटपणाने कूलिंगवर फरक पडत नाही; खाचा मोकळ्या आहेत ना, एवढंच बघायचं. ॲक्रिलिकच्या झाकणाला अल्कोहोल लावू नका, त्याने बारीक तडे जातात. थर्मल पेस्ट पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशीच असतं म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

रेडिएटर अर्धा गरम डिस्टिल्ड वॉटरने भरायचा, दोन्ही तोंडं बंद करून हलवायचा आणि पांढऱ्या टबात ओतायचा. पांढऱ्यासाठी आग्रह, कारण गाळाचे कण त्यातच दिसतात. नवा रेडिएटरही असाच धुवा. सोल्डरिंगचं फ्लक्स आत राहिलेलं असतं. ओतलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत परत परत. शेवटी सगळं जोडून, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि एक काळी तार जंपरने जोडून फक्त पंप चालवायचा. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांना वीज नाही. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवायचा आणि निदान एक रात्र जाऊ द्यायची. पंप मात्र कोरडा एक मिनिटही फिरवू नका, पाणी हेच त्याचं वंगण आहे.

मग कुणी काय घ्यावं

आतेभावाला मी हवेचा टॉवरच घ्यायला सांगितलं. तो रेंडर ग्राफिक्स कार्डावर करतो, आणि प्रोसेसरवर बसवलेल्या एआयओचा कार्डाला काहीच उपयोग नाही. वाचलेले पैसे त्याने धुता येणारी जाळी असलेल्या मोकळ्या कॅबिनेटमध्ये आणि चांगल्या पंख्यांत घातले. ज्यांचा प्रोसेसर मोठा आहे, कॅबिनेटमध्ये उंच टॉवर मावत नाही आणि वॉरंटी संपली की कूलर बदलायची तयारी आहे, त्यांनी एआयओ घ्यावा. नवा घेतानाच त्यावर तारीख लिहून ठेवा; सहाव्या वर्षानंतर त्याच्या भरवशावर रात्रभराचं काम लावू नका. कस्टम लूप त्यांनीच करावा ज्यांना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींची उष्णता शांतपणे काढायची आहे आणि वर्षातून एक पूर्ण सुट्टी त्यासाठी द्यायला आवडेल. दुरुस्तीचं दुकान हे करून देईल अशा भरवशावर राहू नका. मी दोन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हींकडे धूळ मारण्यापलीकडे कुणी तयार नव्हतं.

लूपच ठरला असेल, तर पहिल्या ऑर्डरमध्येच सगळ्यात खालच्या टोकाला बसणारा ड्रेन व्हॉल्व्ह मागवा. माझ्या पहिल्या लूपला तो नव्हता. पाणी काढायला खालची फिटिंग सैल केली, वाटी धरायच्या आत कूलंट एसएमपीएसच्या जाळीतून आत गेलं. तो एसएमपीएस मी पुन्हा जोडला नाही, नवा घेतला. व्हॉल्व्ह त्याच्या दहाव्या हिश्शात आला असता.